हात मांडीवर

तळमजल्यावरच्या त्या खोलीत बाई चिडलेल्या नाहीत, असा दिवस संशोधन केंद्रात कोणालाही आठवत नाही. सकाळी आल्या आल्या त्या खोलीचं तापमान बघतात आणि चिडतात. मग टेबलावर येऊन पडलेल्या नमुन्यांच्या डब्या बघतात आणि आणखी चिडतात. एखाद्या डबीला चिठ्ठी चिकटवलेली असते, 'छान फोटो हवा'. कशाचा फोटो, कुठल्या बाजूने, त्यातून शोधायचंय काय, कशाचाच पत्ता नाही. "लग्नाचा अल्बम काढायला आलेत मेले," असं पुटपुटत बाई बाहेरच्या चपला काढून आतल्या घालतात आणि कामाला लागतात.

खोलीतलं मशीन म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. साध्या सूक्ष्मदर्शकाला किंवा भिंगाला ज्याची चाहूलही लागणार नाही, ते हा ढळढळीत पडद्यावर आणून ठेवतो. आकाराने कपाटाएवढा, किमतीने अख्ख्या इमारतीएवढा, आणि नखरे तर विचारूच नका. मागच्या रस्त्यावरून ट्रक गेला तरी पडद्यावरचं चित्र थरथरतं. एवढा पैसा खर्च करून हे मशीन आणलं ते नव्या दमाच्या संशोधकांसाठी. त्यांनी ते वापरावं, काहीतरी नवं शोधावं, नवं बनवावं, असं केंद्राच्या दारावर धातूच्या अक्षरांत लिहिलेलं आहे. मशीनच्या दारावर मात्र दुसरंच लिहिलेलं आहे, 'हात लावू नये'.

बाईंचं खरं काम प्रशिक्षणाचं. दर काही महिन्यांनी तरुण मंडळींची एक तुकडी येते. कोणी पीएचडी करणारी, कोणी नुकतीच संपवलेली, कोणी दोन खोल्यांच्या कंपनीत काहीतरी घडवू पाहणारी. पहिला दिवस भाषणांत जातो. साहेबांचं भाषण, पाहुण्यांचं भाषण, आभारांचं भाषण, आणि आभारांत जे राहून गेले त्यांचे पुन्हा आभार. मग पडद्यावर चित्रं दाखवायची. शेवटच्या दिवशी सगळ्यांना काचेपलीकडे उभं करायचं, आत बाईंनी मशीन चालवायचं, आणि काचेपलीकडच्यांनी माना डोलवायच्या. मग पिशवी, पेन, प्रमाणपत्र आणि सगळ्यांचा मिळून एक फोटो. प्रमाणपत्रावर छापलेलं असतं की सदर व्यक्तीने अत्याधुनिक उपकरण हाताळण्याचं प्रशिक्षण यशस्वीपणे पूर्ण केलं आहे. सदर व्यक्तीने उपकरणाला बोटसुद्धा लावलेलं नसतं.

"तलावाचा फोटो दाखवून पोहायला शिकवतोय आपण," बाई एकदा साहेबांना म्हणाल्या.

साहेब म्हणजे केंद्राचे संचालक. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या पोटात कायम भीतीचा गोळा. मशीन बिघडलं की दुरुस्तीला माणूस विमानाने येतो, आणि येईपर्यंत वरच्या ऑफिसातून रोज फोन येतात. "बाई, तुम्ही फार मनाला लावून घेता," ते म्हणाले. "पोरांनी नमुना द्यावा, आपण फोटो द्यावा. सगळे खूश."

"मग शिकवायचं कशाला? खिडकी उघडून बसू की. फोटो स्टुडिओ!"

"तेही वाईट नाही," साहेब अगदी गंभीरपणे म्हणाले, आणि बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाई स्वतः शिकल्या त्या असल्या प्रशिक्षणातून नव्हे. त्यांच्या तरुणपणी एका जुनाट मशीनवर एक जुना ऑपरेटर होता. मुलीला खुर्चीत बसवायचं आणि आपण बाहेर पेपर वाचत बसायचं, एवढीच त्याची पद्धत. ती अडली, चुकली, रडकुंडीला आली, तरी तो पेपराच्या आडून म्हणायचा, "बघ बघ, सापडेल." आणि सापडायचं. अशाच एका दुपारी दुसऱ्या कोणालाही न दिसलेली एक भेग त्यांना दिसली, त्यावर त्यांचा पहिला शोधनिबंध झाला, आणि बाईंना आयुष्यभराचं वेड लागलं. स्वतः बसल्याशिवाय दिसत नाही, हे त्यांचं ठाम मत. ते त्या साहेबांना सांगत, तुकडीला सांगत, घरी नवऱ्याला सांगत. नवरा बिचारा भांडी विसळता विसळता हो हो म्हणायचा.

या तुकड्यांमधूनच गोगी आली. खरं नाव वेगळं, पण बरोबरीच्या पोरांनी तिला गोगलगाय केलं आणि मग त्याचं गोगी झालं. मुलगी संथ. तिला काही विचारावं, तर ती आधी प्रश्नाकडे बघणार, मग छताकडे बघणार, मग उत्तर देणार. काम चांगलं होतं तिचं. गढूळ पाणी गाळायला भाजलेल्या मातीच्या चकत्या ती बनवत होती. चकतीतली भोकं केवढी, ती कुठे बुजतात, काठाला मातीला तडा का जातो, हे बघितल्याशिवाय तिचं पान हलत नव्हतं.

तीच पहिल्यांदा बाईंकडे आली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही दिलेले फोटो फार सुंदर आहेत."

"मग?"

गोगीने छताकडे पाहिलं. "तुम्ही सुंदर जागा निवडता. मला बिघडलेली जागा हवी आहे. ती कुठे असेल ते मला चिठ्ठीत लिहिता येत नाही. दिसली तरच कळेल."

बाईंना वाटलं, हिला आत्ताच्या आत्ता मिठी मारावी. इतक्या वर्षांत काचेपलीकडून असं कोणी बोललं नव्हतं. त्या तडक साहेबांच्या खोलीत गेल्या आणि तिथून हलेनात. शेवटी साहेबांनी हात टेकले.

"एक काम करा," ते म्हणाले. "आढावा समिती येतेय. तुमच्या या मुलीला समितीसमोर बसवा. नमुना आत ठेवण्यापासून चित्र येईपर्यंत सगळं तिने एकटीने करायचं. तुम्ही काचेबाहेर. जमलं तर समितीकडूनच मंजुरी घेऊ, आठवड्यातला एक दिवस मशीन शिकाऊंच्या हातात. नाही जमलं तर हा विषय माझ्यासमोर पुन्हा काढायचा नाही."

"मंजूर," बाई म्हणाल्या. त्या दिवशी कोणावरही न चिडता त्या घरी गेल्या. नवऱ्याने काळजीने विचारलं, बरं वाटत नाही का?

आता सराव सुरू झाला, आणि इथे बाईंबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ज्या बाई सगळ्या जगाला 'पोरांच्या हातात द्या' म्हणून ओरडत होत्या, त्यांच्याच्याने पोरांच्या हातात काही देववत नसे. गोगी खुर्चीत बसायची, बाई मागे उभ्या. गोगीचा हात माऊसकडे निघायचा, वाटेत विचार करायला थांबायचा, आणि तेवढ्यात बाईंच्या जिवाची अशी काही तगमग व्हायची की त्या म्हणायच्या, "दे इकडे, दाखवते." दाखवायच्या फक्कड. चित्र असं लख्ख यायचं की गोगीचा आ वासायचा. मग बाई म्हणायच्या, "आता तू कर," आणि पुन्हा तेच. घरीही तोच प्रकार. लेक स्वयंपाकघरात बटाटे चिरायला बसली की बाई दोन मिनिटं बघत, तिसऱ्या मिनिटाला सुरी त्यांच्या हातात.

"आई, तू शिकवतेस की हिसकावतेस?" लेक म्हणाली.

"बोटं कापून घेशील."

"घेईन की. माझी आहेत."

नवरा हसला. बाई नाही हसल्या, पण बटाटे मात्र सगळे त्यांनीच चिरले.

तरी गोगी शिकली. तिचं शिकणं बाईंच्या घाईच्या फटीफटीतून चाललं होतं. नमुना छोट्या धातूच्या बटणावर चिकटवणं, त्यावर सोन्याचा पातळ थर चढवणं, तो आत ठेवून दार बंद करणं, पंप चालू करून आतली हवा काढणं. या हवा काढण्याच्या पायरीवर बाईंचा एक नियम होता आणि तो त्या सगळ्यांच्या डोक्यात अक्षरशः ठोकून बसवत. पडद्याच्या कोपऱ्यात आतल्या हवेच्या दाबाचा आकडा दिसतो. तो खाली येतो, पण नुसता खाली येऊन उपयोग नाही, तो स्थिर व्हायला हवा. आकडा नाचत असेल तर समजायचं, नमुन्यातून अजून ओल सुटतेय. त्या ओलीत इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला तर मशीनच्या पोटात घाण बसते. मशीन काही तुम्हाला अडवत नाही, बटण दाबलं तर झोत सुरू होतो. म्हणून आपणच थांबायचं.

"आकडा नाचतोय तोवर काय करायचं?" बाई विचारत.

"हात मांडीवर," तुकडी एका सुरात म्हणे.

"आणि संचालक आले तर?"

"हात मांडीवर!"

आणि तुकडी हसे. गोगी हसायची नाही, ती वहीत लिहून घ्यायची.

समितीचा दिवस उजाडला तोच गडबडीत. भेट दुपारची ठरली होती, पण अध्यक्षांना विमान गाठायचं होतं म्हणून साहेबांनी ती सकाळवर आणली. गोगीची चकती वाळवणीच्या भट्टीतून लवकर काढावी लागली.

"बाई, अजून पुरती वाळलेली नाही," गोगी म्हणाली.

"चालेल. आकडा बसायला वेळ लागेल, एवढंच. घाबरू नकोस."

"मी नाही घाबरले," गोगी म्हणाली. आणि खरंच ती घाबरलेली दिसत नव्हती. घाम फुटला होता तो बाईंना.

समिती आली. पुढे अध्यक्ष, हातात स्वागताला दिलेला पुष्पगुच्छ कुठे ठेवावा हे न कळलेले. त्यांच्या मागे बाकीचे सदस्य, आणि शेजारी साहेब, नव्या कोटात. सगळे काचेपलीकडे उभे राहिले, बाईही. आत गोगी एकटी. बाईंना आपल्या हातांचं काय करावं ते समजेना. त्यांनी ते आधी पाठीमागे धरले, मग घडी घातली, मग पदराचं टोक पिळत बसल्या.

गोगीने सगळं नीट केलं. नमुना ठेवला, आतल्या कॅमेऱ्यातून नमुन्याची उंची बघितली, दार लावलं, पंप चालू केला. अध्यक्षांनी मान डोलावली. साहेबांचा चेहरा उजळला. आकडा खाली येऊ लागला. येत येत हवा तिथे आला आणि नाचायला लागला. खाली, वर, पुन्हा खाली. गोगीने त्याच्याकडे पाहिलं, खुर्ची किंचित मागे घेतली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

बस. आता काहीच होईना. काचेपलीकडे माणसं बघतायत आणि आत एक मुलगी हात मांडीवर ठेवून बसलेली, जणू बसची वाट बघतेय. एका सदस्याने घड्याळ पाहिलं. दुसऱ्याने पहिल्याच्या कानात काहीतरी म्हटलं. अध्यक्षांनी पुष्पगुच्छ या हातातून त्या हातात घेतला.

"अडली वाटतं," अध्यक्ष म्हणाले.

बाईंना माहीत होतं, ती अडलेली नाही. अख्ख्या केंद्रात हे सर्वात चांगलं कोणाला माहीत असेल तर बाईंनाच. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, ती बरोबर करतेय, जरा थांबा, आकडा बसेल. पण साहेब त्यांच्याकडे बघत होते. साहेबांचे डोळे म्हणत होते, करा काहीतरी. आणि आत ती बया, गोगलगाईची गोगलगाय, निवांत. मशीन तयार, समिती तयार, इतकी वर्षं ज्याच्यासाठी भांडले ते हातातोंडाशी आलेलं, आणि ही बसलीय. आपण काय करतोय हे बाईंना कळायच्या आत त्यांनी दार ढकललं होतं.

"दे इकडे," त्या म्हणाल्या.

गोगी उठली. बाईंनी बसता बसता झोत सुरू केला, नाचणाऱ्या आकड्याकडे ढुंकून पाहिलं नाही, एका हाताने फोकस, दुसऱ्या हाताने नमुना सरकवत चकतीच्या मधोमध एक देखणी जागा पकडली, आणि पडद्यावर मातीची ती जाळी अशी उमटली, अशी उमटली, की काचेपलीकडे टाळ्या पडल्या. आतपर्यंत ऐकू आल्या. बाईंनी वळून पाहिलं. अध्यक्ष पुष्पगुच्छ काखेत मारून टाळ्या वाजवत होते.

टाळ्यांच्या आवाजातच बाईंना कळलं, आपण काय केलं ते.

समिती चहाला गेल्यावर खोलीत दोघीच राहिल्या. आकडा आता स्थिर झाला होता. अगदी मेणबत्तीच्या ज्योतीसारखा शांत. ते बघून बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि चिडायला समोर कोणी नाही.

"अगं, वेळ नव्हता त्यांना," बाई म्हणाल्या. "तू अडलीस असं वाटलं त्यांना."

गोगीने या वेळी छताकडे पाहिलं नाही. सरळ बाईंकडे पाहिलं.

"मी थांबले होते, बाई. अडले नव्हते. त्यांना नसेल कळलं. तुम्हाला कळलं होतं."

बाई माऊसची वायर सरळ करत राहिल्या. गोगीने आपली डबी उचलली, वही उचलली आणि ती गेली.

बाई धावतच साहेबांच्या खोलीत गेल्या. तिथे समितीचा चहा संपत आला होता. त्यांनी सगळं सांगितलं, समितीसमोर, न लपवता. मुलगी बरोबर होती. नियम मीच केलेला, तो मीच मोडला. झोत तेव्हा सोडायला नको होता. ती आणखी थोडी बसली असती तर चित्र तिचं तिने आणलं असतं. मंजुरी द्यायला हवी, आणि द्यायची ती तिच्याकडे बघून, माझ्याकडे नाही.

अध्यक्षांनी कप खाली ठेवला. "पाहिलंत?" ते इतरांना म्हणाले. "याला म्हणतात मनाचा मोठेपणा. शिष्येची चूक स्वतःच्या अंगावर घेतायत."

"अहो, चूक झालीच नाही तिची! माझी झाली."

"तेच म्हणतोय मी," अध्यक्ष कौतुकाने म्हणाले, आणि साहेबही हसले. बाईंनी पुन्हा सांगितलं, या वेळी आवाज चढवून. तेव्हा साहेबांनी त्यांच्यासाठी चहा मागवला. बोलणं असं वाया जाताना बघणं फार वाईट. भिंतीवर डोकं आपटावं तर निदान भिंतीला लागतं तरी.

अहवाल यथावकाश आला. त्यात बाईंवर एक अख्खा परिच्छेद होता. असे निष्णात हात केंद्रात असताना मशीन शिकाऊंच्या हाती देण्याची जोखीम घेण्याचं कारण दिसत नाही, असं समितीने लिहिलं होतं. तरुण संशोधकांनी नमुने द्यावेत, बाईंच्या कौशल्याचा लाभ घ्यावा. प्रशिक्षण पडद्यावरच्या चित्रांपुरतं ठेवावं, त्यामुळे अधिक जणांना प्रमाणपत्रं देता येतील. साहेबांनी तो परिच्छेद फ्रेम करून बाईंच्या खोलीबाहेर लावला. बाईंनी काढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लागला. बाईंनी पुन्हा काढला नाही, कारण रोज रोज खिळ्याशी कोण भांडणार? आता त्या आत जाता येता मान दुसरीकडे वळवतात.

भिंत फोडून एक खिडकी केली, नमुने घ्यायला. पुढे एके सकाळी त्या खिडकीशी गोगी आली. नवी चकती होती, काठाला तडा गेलेली.

"आत ये," बाई म्हणाल्या. "बस खुर्चीत. बघू कोण काय म्हणतं ते."

"नको, बाई."

"अगं, मी सांगतेय ना! होईल ते माझ्यावर."

"नको," गोगी शांतपणे म्हणाली. "मी दुसरीकडे अर्ज केलाय. तिथे मशीन जुनं आहे, पण बसू देतात. हा एवढा एक नमुना तेवढा करून द्या."

मग बाई आत बसल्या आणि गोगी काचेपलीकडे उभी राहिली. आकडा नाचला, बाई हात मांडीवर ठेवून थांबल्या. पुष्कळ थांबल्या. आकडा बसल्यावर त्यांनी झोत सोडला आणि काठ धरून, कुठलीही देखणी जागा न बघता, तड्याच्या आजूबाजूने सावकाश फिरत राहिल्या. फिरताना सारख्या वळून काचेकडे बघत होत्या. गोगीने एकदा तरी बोट दाखवावं, एकदा तरी म्हणावं, बाई, थांबा, मागे घ्या, तिथे काहीतरी आहे. गोगी अदबीने उभी होती. सगळ्या चित्रांना ती मान डोलवत होती.

काम झालं. बाईंनी खिडकीतून तिला चित्रं दिली.

"थँक यू, बाई," गोगी म्हणाली. "वेळ काढून करून दिलंत."

खिडकीशी येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो. बाई खिडकीत तशाच उभ्या राहिल्या. मागून कोणीतरी डबी पुढे सरकवली आणि विचारलं, "ताई, फोटो इथेच काढून मिळतात ना?"

"हो," बाई म्हणाल्या. "इथेच."